लेकीच्या तांब्यावरची वेलांटी

समस्त आप्तेष्टांस कळवण्यात येते की, पन्नाशी उलटल्यावर आम्ही धातूवर हातानं कोरायला शिकत आहोत. भांड्यांनी आपापला जीव सांभाळावा. पहिला मान लेकीच्या लग्नातल्या तांब्याला. दुसऱ्यांच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून नाव घालायची आपली रीत. वळणावर कोरणी नव्हे, तांब्या फिरवायचा असतो. पण माझ्या हाताला सवय कागदाची. ‘मंजिरी’च्या शेवटच्या वेलांटीवर कोरणी निसटली, ती थेट काठापर्यंत. कागदावरचं खोडता येतं. धातू मात्र आपली थरथरही जपून ठेवतो. ओरखडा उन्हात निर्लज्जपणे चमकत होता. मी तांब्या पाठीमागे लपवला. लेकीनं तो हिसकावला, न्याहाळला आणि ती ओरडलीच, “बाबा, नाव कशाला घातलंत? या ओरखड्यावरूनच शंभर तांब्यांत ओळखेन मी!”