डोळ्यांचा ब्रश आणि दादाचा गोंद

मंडळी, आज पेणजवळच्या आमच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात मी मोठ्याने ओरडले.

आठ वर्षांपूर्वी पहिल्या कमाईतून मी एक महागडा बारीक ब्रश घेतला. आईने डोळ्यांची आखणी शिकवतानाच बजावलं होतं, म्हणून तो मूर्तीच्या डोळ्यांशिवाय कशालाच लावला नाही. अजून नव्यासारखा होता.

आज चुलतभावाने, दादाने, त्याच ब्रशने मुकुटाच्या खड्यांना गोंद लावला. केस दगडासारखे कडक!

“एक ब्रशच तर हाय गो! पेणवरून दुसरा आणतो.”

दुसऱ्या ब्रशने आखलेला पहिलाच डोळा किंचित खाली आला.

“कोणाला दिसत नाय,” दादा म्हणाला.

दिसत नाय? हात जोडून उभा राहिलेला माणूस दुसरं काय बघतो?

मी तो डोळा पुसला.

तुमच्याकडे आहे अशी जपलेली वस्तू? आजच कुलपात ठेवा.