तीन कॅल्शियम, दोन फॉस्फेट

आयनसरांच्या वर्गात आम्हाला नावं नव्हती. सर नांदेडकडचे, अहमदपूरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दहावीला शाळा उघडली तशी त्यांनी प्रत्येकाला एकेक आयन वाटून टाकला. हजेरीला ते "क्लोराइड!" म्हणाले की "हजर" म्हणायचं नाही, प्रभार सांगायचा, "वजा एक." चुकलं की गैरहजेरी. इतकी सवय झाली, की आईनं हाक मारली तरी माझ्या तोंडून "वजा तीन" निघायचं आणि पाठीत धपाटा बसायचा.

मी आणि माझ्या शेजारची काशी, दोघी फॉस्फेट. पुढच्या बाकावरची तीन पोरं कॅल्शियम. सर त्या तिघांना फळ्याजवळ उभं करत, प्रत्येकी अधिक दोन, त्यांचे झाले अधिक सहा. मग आम्हा दोघींना बोलवत, वजा सहा. "झालं ना शून्य? हे कॅल्शियम फॉस्फेट. यातलं एक बी उठून गेलं की मोडलं!" काशीला हे सगळ्यांच्या आधी कळायचं. "ही पोरगी पेपर लिहिणार न्हाई, तपासणार हाय," असं सर कौतुकानं चिडवत.

त्या साली लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं पुन्हा दगा दिला होता. "जिल्हा आला, पानी कुठं आलं?" सर म्हणायचे. पोरी सकाळी टँकरच्या रांगेत अडकून उशिरा यायच्या, त्यांची गैरहजेरी लागू नये म्हणून शाळा सुटताना ते पुन्हा एकदा हजेरी घेत.

दिवाळीनंतर काशी येईना. तिचं लग्न ठरलं होतं, उदगीरच्या पलीकडे. सर मला सोबत घेऊन तिच्या घरी गेले. "परीक्षेपुरती थांबवा. माझ्या घरी राहू द्या पोरीला," त्यांनी अक्षरशः हात जोडले.

काशीचे वडील मान खाली घालून म्हणाले, "सर, आड आटलाय. तिकडं पानी हाय, पोरगी पोटभर जेवंल. म्या बापानं हे बी बघू नये का?"

सरांनी चपला घातल्या. दाराआड काशी रडत होती, ते आम्हा सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत "फॉस्फेट" म्हटल्यावर मी "वजा तीन" म्हणाले. सर थांबले. पुन्हा "फॉस्फेट" म्हणाले. मग त्यांनीच हळू आवाजात "वजा तीन" म्हटलं. परीक्षा येईपर्यंत रोज हेच. फळ्याजवळ संयुग करायची वेळ आली, की खडू ठेवून ते स्वतः माझ्या शेजारी येऊन उभे राहत. मला त्या वेळी रडू आवरत नसे.

गेल्या महिन्यात सर वारले. दहाव्याला मी सरांच्या बायकोजवळ, काकूंजवळ बसले होते. दारात डोक्यावर पदर घेतलेली एक थकलेली बाई येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही.

"कोण गं बाई?" काकूंनी विचारलं.

"फॉस्फेट," ती म्हणाली.

काकूंनी तिचा हात धरला. "आत्ता आलीस व्हय गं? लई वाट बघितली त्यांनी."

मी सरकून काशीला शेजारी जागा करून दिली.