एक तरी काळा ठेवावा

डेलमार योकमची गोष्ट कोंबड्यांपासूनच सुरू करावी लागते, कारण तो स्वतःही प्रत्येक गोष्ट तिथूनच सुरू करायचा. लग्न कधी झालं म्हणून विचारा, तर सांगायचा, "ज्या वसंतात कोल्ह्यानं पांढऱ्या कोंबड्या नेल्या, त्या." पोरगी रोंडा कधी झाली? "तांबडा कोंबडा विहिरीत पडला त्या साली." बायको ऑपल शेजारी बसून हसायची. "कोंबडा वर काढला आणि मग मला दवाखान्यात नेलं," एवढंच ती पुढे जोडायची.

ओहायोच्या आमच्या डोंगराळ कोपऱ्यात घर तिथे खुराडं असतंच. डेलमार विटांच्या कारखान्यात राबला, गुडघे गेले तसा घरी बसला. पण त्याच्या परसात होतं तसलं काही कोणाकडे नव्हतं. मोठ्या हाडाच्या, गुबगुबीत, धुरकट निळ्या कोंबड्या. जाणकार त्या रंगाला लॅव्हेंडर म्हणतात. मला विचाराल तर थंड झालेल्या राखेवर सकाळचा उजेड पडला की जो रंग दिसतो, तो. मूळची अंडी ऑपलनं मावसबहिणीकडून कोटाच्या खिशात घालून आणली होती, आणि बसमध्ये कोणी धक्का देईल म्हणून सगळी वाट उभ्यानं आली होती.

हा रंग मोठा लाजाळू. काळ्या पक्ष्याच्या पोटात दडून बसतो. धुरकट कोंबडीला असला काळा जोडीदार दिला की पिल्लं निम्मी काळी, निम्मी धुरकट. डेलमार दर शरदात आधीपेक्षा जास्त काळी कापायचा आणि धुरकट ठेवायचा. शेजारचा बर्ल टॅकेट, तोही कोंबड्यांच्याच वेडातला, कुंपणावरून सांगायचा, "एक तरी काळा ठेवावा, डेलमार. नुसता धूर धुराला जोडत गेलास तर पिसं विरतात. आमचा म्हातारा सांगायचा."

"तुझ्या म्हाताऱ्याच्या कोंबड्या बघितल्यात मी," डेलमार म्हणायचा. "कावळेसुद्धा त्यांना सोयरे समजायचे."

ऑपल आजारी पडली तेव्हा रंग अगदी पक्का व्हायला आला होता. शेवटच्या शरदात राज्याचं मोठं प्रदर्शन होतं. "जा तू," ऑपलच म्हणाली. तो गेला. परीक्षक त्याच्या पिंजऱ्यापुढे उभा असताना रोंडाचा निरोप आला, ताबडतोब निघ. डेलमारनं फीत मिळेपर्यंत वाट पाहिली. पहिल्या बक्षिसाची निळी फीत खिशात घालून घरी पोहोचला, तोवर ऑपलचे डोळे मिटलेले होते.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण मांडलं होतं. सगळ्यांच्या देखत रोंडा म्हणाली, "कोंबडी मरायला टेकली असती तर धावत आला असतास, डॅडी."

"घरात ही भाषा चालणार नाही," डेलमार म्हणाला.

"हे घर नाही, चर्च आहे. आणि घरी मी येत नाही आता."

जाताना तिनं परसातून पाच काळ्या तलंगा, म्हणजे नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या, आणि एक काळा कोंबडा खोक्यांत भरला. सुरीखाली जायचे तेच पक्षी, पण ऑपल शेवटपर्यंत त्यांना हातानं दाणे घालत होती. "ने," डेलमार दारातून म्हणाला. "नाहीतरी काळं आता इथे ठेवायचंच नाही."

आणि नाहीच ठेवलं. नंतरच्या वर्षांत परसात सगळा धूरच धूर. दोनेक वर्षं बघणारे थबकायचे. मग शेपट्या झडायला लागल्या. पंखांची टोकं झिजलेल्या केरसुणीसारखी झाली, हिवाळ्यात कोंबड्या थंडीनं आखडून दांडीवरून खाली पडायच्या. प्रदर्शनात एका पोरगेल्या परीक्षकानं विचारलं, "आजोबा, हिला कुत्र्यानं धरलं होतं का?" त्यानंतर डेलमार प्रदर्शनाला गेला नाही.

बर्ल म्हणाला, "माझा काळा कोंबडा ने."

"परकं रक्त नको. ऑपलची वेल आहे ती."

"मग ऑपलचंच आण. नदीपलीकडे रोंडाकडे आहे की."

डेलमार आठवडाभर बर्लशी बोलला नाही. मग एका रविवारी त्यानं दाढी केली, ऑपलच्या पद्धतीनं मुरवलेल्या शेंगांची बरणी घेतली आणि ट्रक काढला.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बाहेरच्या पक्ष्याबाबत डेलमारइतका कडक माणूस खोऱ्यात नव्हता. नवा पक्षी आला की तो महिनाभर दूरच्या खोपटात राहायचा, सोबत डेलमारची एक म्हातारी कोंबडी. ती टिकली तरच पाहुणा खुराड्यात. पाद्रीबाबांनी प्रेमानं दिलेली कोंबडीही त्यानं अशीच बाजूला टाकली होती, आणि पाद्रीबाबा वर्षभर त्याच्याकडे पाहून खोकायचे. कोंबड्यावाला कोणी भेटला की त्याची बायको-पोरं कशी आहेत हे विचारण्याआधी डेलमार विचारायचा, "खुराड्यात आजार झाला होता का?"

रोंडा दारात आली. ती म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात कामाला होती, पाळीवरून नुकतीच आलेली, बूट अजून पायात. मागून तिची पोर ट्रिना डोकावली. डेलमारनं तिला याआधी फक्त फोटोत पाहिलं होतं.

"काय झालं?" रोंडा म्हणाली.

"काही नाही. काळा कोंबडा आहे का?"

"आहे. आईच्या कोंबड्याचा नातू." तिनं परसाकडे पाहिलं. "एकच आहे."

"शेपट्या गेल्या माझ्यांच्या."

"बर्लकाका सांगत होते." ती परसात गेली आणि कोंबडा पकडून आणला. काळाभोर, छातीवर हिरवी झाक. त्याला खोक्यात घालता घालता ती म्हणाली, "थँक्सगिव्हिंगच्या सणाला मला सुट्टी आहे."

"ये मग," डेलमार म्हणाला. "पोरीलाही आण."

एवढंच बोलणं झालं. जो प्रश्न तो रस्त्यावरच्या माणसाला विचारायचा, तो पोटच्या पोरीला विचारायला तोंड उघडलं नाही. इतक्या वर्षांनी दारात उभं राहून तिच्या घरात रोग आहे का म्हणून कसं विचारायचं?

घरी पोहोचल्यावर बर्ल कुंपणाशी आला. "खोपटात टाकतोस ना?"

"घरचंच रक्त आहे, बर्ल. घरच्या पोराला कोणी पडवीत झोपवतं का?" आणि त्यानं कोंबडा थेट खुराड्यात सोडला.

पहिल्यांदा एक कोंबडी मान लांब करून श्वास घ्यायला लागली. घशातून शिटी वाजल्यासारखा आवाज. दुसऱ्या सकाळी भिंतीवर रक्ताचे शिंतोडे होते. मग रोज दांडीखाली दोन-तीन पडलेल्या. काळा कोंबडा मात्र मधोमध उभा राहून खणखणीत आरवत होता.

बर्ल कुंपणाच्या अलीकडे आला नाही. "ज्याला होऊन गेलेलं असतं ना, तो जन्मभर रोग अंगात बाळगतो," तो म्हणाला. "तिला विचारलं होतंस?"

डेलमारनं फोन लावला. "रोंडा, तुझ्याकडे कधी खोकला झाला होता का पक्ष्यांत?"

"मागच्या हिवाळ्यात. निम्म्या गेल्या. उरल्या त्या ठणठणीत आहेत." मग सावधपणे, "का?"

"बर्ल विचारत होता."

"कोंबडा कसा आहे?"

"आरवतो चांगला," डेलमार म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

जगल्या-वाचल्या धुरकट कोंबड्याही आता रोग पसरवणार म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं संपवल्या. आयुष्यभर कोंबड्या कापलेला माणूस, पण त्या दिवशी प्रत्येकीला आधी काखेत धरून शांत करत होता. खड्डा भरला, दांड्या चुन्यानं पांढऱ्या केल्या. काळ्यावर मात्र हात उचलला नाही. मनाशी त्यानं गणित मांडलं होतं. याच्या पोटात रंग आहे, आणि रोंडाकडच्या काळ्या कोंबड्यांच्याही पोटात आहे. यांची जोडी लागली तर चारात एखादं पिल्लू धुरकट निघतंच. थँक्सगिव्हिंगला ती आली की कोंबडा तिच्याबरोबर परत धाडायचा. इथे नाही तर तिथे, ऑपलचा रंग जगेल. आणि तो बघायला म्हणून अधूनमधून नदीपलीकडे जाता येईल. रोंडा आणि ट्रिना मुक्काम करतील म्हणून त्यानं उशीच्या दोन नव्या खोळीसुद्धा आणल्या होत्या.

रोंडा आली. ट्रिनाला घरात पाठवून आधी परसात गेली. खुराड्याच्या जाळीला बोटं अडकवून उभी राहिली.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"फोन केलास तेव्हाच?"

"तेव्हा निम्म्या होत्या."

"तू विचारलं नाहीस, डॅडी. तू तर सगळ्यांना विचारतोस." तिचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, मी आपणहून सांगितलं तर तू तसाच मागे फिरशील. परत येणारच नाहीस."

कोंबड्याला घालून तयार ठेवलेलं खोकं डेलमारनं पुढे केलं. "याला घेऊन जा. तुझ्या काळ्या कोंबड्यांबरोबर सोड. रंग परत निघेल."

रोंडानं जाळीतून बोटं सोडवली. मग म्हणाली, "त्या नाहीत आता."

"नाहीत म्हणजे?"

"कोंबडा तू नेलास. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, अंडी देत नव्हत्या. रिकाम्या हातानं कशी येऊ म्हणून काल..." तिनं गाडीकडे मान वळवली. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेलं मोठं पातेलं होतं. "आईच्या पद्धतीनं. कणकेचे गोळे घालून. तुला आवडतं ना ते."

डेलमार खोक्याचं झाकण उघडून परत लावत राहिला. मग त्यानं खोकं खाली ठेवलं, गाडीशी गेला आणि पातेलं उचललं. जड होतं. "थंड होईल," तो म्हणाला. "चल आत."

जेवताना ट्रिनानं विचारलं, "आजोबा, तुमच्या त्या निळ्या कोंबड्या कुठायत? मम्मी म्हणाली, दाखवाल."

रोंडाचा चमचा थांबला.

"उशीर केलास गं तू," डेलमार म्हणाला. त्यानं ताटली पुढे केली. "अजून घाल थोडं, रोंडा. मीठ बरोबर झालंय. तुझ्या आईचं नेहमी कमी व्हायचं."

रोंडानं वाढलं. तो खात राहिला, शेवटचा तुकडा हाडापासून सोडवून घेतला, आणि हाडं नेहमीसारखी बाहेर न टाकता ताटलीच्या कडेला नीट लावून ठेवली.

तो काळा कोंबडा अजून आहे. खोऱ्यात त्याला कोणी कुंपणाच्या आत घेत नाही. डेलमार दर संध्याकाळी एका पक्ष्यापुरता मूठभर मका घेऊन त्या लांबलचक रिकाम्या खुराड्यात जातो. रोंडा आता महिन्यातून एकदा येते. बर्ल म्हणतो, ती आली की कोंबड्यांचा विषय कोणीच काढत नाही. हवापाण्याचं बोलतात.