फळीवरचा रेडिओ

…तर बबननं पलीकडून फळीवर लाथ घातली, इथवर काल आलो होतो. लाथेसरशी सोजरबाईंचा रेडिओ खिळ्यावर डुलला, पण बोलायचा थांबला नाही. बाईही थांबल्या नाहीत.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची भोसरी. उद्धवरावांच्या पत्र्याच्या खोल्या. मधल्या भिंती म्हणजे कंपनीत मशिनं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या. एका बाजूला बीडकडच्या सोजरबाई, दुसऱ्या बाजूला रातपाळीचा टर्नर बबन, समोर आम्ही. रेडिओ त्या मधल्या फळीलाच टांगलेला. दुसरीकडं न्यावा तर नुसती खरखर.

बाईंना गाणी चालत नसत. गाणं लागलं की रेडिओचा कान पिळून त्याला गप्प करायच्या. त्यांना हवं बोलणं. सकाळी कुणी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगे, मग बाजारभाव, दुपारी बायकांचा कार्यक्रम, त्यामागून तबल्याला शाई लावणारा नाहीतर मुखवटे करणारा कुणी बोले, आणि मग कादंबरीवाचन. आणि बाई प्रत्येकाला उत्तर देत! लोणच्याचं मीठ सांगणारीला, "एवढं? लेकरं मारतीस का गं?" तबलेवाल्याला, "ह्या ठोकाठोकीत तुमच्या बायकूनं दिवस कसे काढले वो?" मला तर फुकटचा तमाशा!

बबन मात्र पेटलेला. "मावशे, गाणं असतं तर डोळा लागला असता. बोलणं कानाला धरून बसवतं. राती मशिनवर डुलकी लागती मला. बोटं गेली तर तू देणार व्हय?"

"तुझ्या घोरन्यात माझ्या बातम्या बुडतात, त्या कोन देनार?"

एकदा त्यानं एरिअलची तार तोडली. बाईंनी त्याच्या वाळत घातलेल्या पँटीवर राखेचं पाणी ओतलं. शेवटी बबन मालकांनाच घेऊन आला.

उद्धवराव दारातूनच म्हणाले, "दिवसा आवाज आला तर पहिलीला खोली रिकामी करायची."

"मालक, माझा ल्योक जयसिंग अंधारात कामावर जातो, ओव्हरटाइम करून येतो. आला की 'वाढ' म्हनतो आन निजतो. दिवसभर माझ्याशी बोलतं कोन?"

"भिंतीशी बोला."

"त्येच तर करत व्हते."

मालक हसले नाहीत. रेडिओ बंद झाला. नळावर बबन दिसला की बाई भरता हंडा उचलून पाठ फिरवायच्या.

दोन-तीन दिवस गेले असतील. भर दुपारी बबन त्यांच्या दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. मी सुपारी कातरायची सोडून सरसावून बसलो. म्हटलं, आज जुंपते!

"मावशे," तो खाली बघत म्हणाला, "ती कादंबरी… नथ पडली म्हणून धाकटी जाऊ हिरीत उतरली. वर दोर थोरलीच्या हातात, आन थोरलीचा तर तिच्यावर डूख. नेमकं तितंच बंद झालं बघ. मला झोप न्हाई. थोरलीनं दोर वढला का सोडला?"

बाई निवडत्या तांदळावरून नजर न काढता म्हणाल्या, "मला काय ठावं? मालकाला तूच आनलंस. धाकटी हिरीत हाय, दोर थोरलीच्या हातात हाय, आता ऱ्हाऊ दे तिला तिथंच. तू जा, झोप."