आबांच्या नावाचा डबा

शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक बाईकडे सुट्या बटणांची एक बरणी असते. ती कोणी ठरवून भरत नाही. एक बटण पडतं, मग दुसरं, आणि एके दिवशी झाकण लागेनासं होतं. आमच्या पेडलच्या किश्शांचं तसंच झालंय. म्हणून आज बरणी ओततेच!

आधी पेडल म्हणजे काय ते सांगते. इलेक्ट्रिक गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायची ती एक छोटी डबी. पायानं बटण दाबलं की गिटारचा गुळगुळीत आवाज एकदम खरखरीत, भरदार होतो. पुन्हा दाबलं की पहिल्यासारखा. माझी मुलगी प्राची कॉलेजात गिटार शिकली आणि तिला हवं होतं हेच. मी बारावी झालेली, ब्लाउज शिवणारी बाई. पण सुईत दोरा एका दमात ओवते, म्हणून सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूचे डाग देऊन तारा जोडायचं काम, माझ्याकडे आलं.

हे सगळं सुरू झालं आबांमुळे. आबा म्हणजे माझे सासरे, एस.टी.चे रिटायर कंडक्टर. आमच्या घोडेगावातली गाण्याची पार्टी तेच चालवतात. पेटी वाजवतात आणि पेटीवरच टिचकी मारून पार्टीला इशारा देतात. एक टिचकी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. थेट एस.टी.ची बेल!

प्राचीनं पार्टीत बसू द्या म्हणून हट्ट धरला, तर आबा म्हणाले, "ही टिंगटिंग ढोलकीम्होरं ऐकू तरी यील का? बुद्धपौर्णिमेला शिनोलीत कार्यक्रम हाय. एक गाणं दिलं तुला. शेवटच्या रांगेतल्या माणसानं ऐकू आलं म्हणून हात वर केला, तर तू पार्टीत. न्हाई केला, तर पुन्यांदा विषय काढायचा न्हाई."

झालं! आम्ही मायलेकी कामाला लागलो.

*

सामान आणायला जुन्नरच्या बाजारपेठेत गेलो. तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. दुकानाच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून आमची यादी वाचली.

"काय बिघडलंय, ताई? मिक्सर का टीव्ही?"

"बिघडलं काही नाही, काका. गिटारचा आवाज चांगला येतोय, तो जरा फाडायचाय."

काकांनी चष्मा पुन्हा नाकावर उतरवला. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे फाटलेले आवाज नीट केले राव मी! आणि तुमी नीट आवाज फाडाया निघाल्या?"

पण सामान मात्र निवडून निवडून दिलं.

*

ते बारीक सामान ठेवायला मी जुना मसाल्याचा डबा काढला. एका वाटीत रेझिस्टर, एका वाटीत कपॅसिटर, एकीत काळे ट्रान्झिस्टर. डबा ठेवला ओट्यावर, नेहमीच्या जागी. चूक माझीच.

सकाळी आबा काढा करायला गेले. आतून हाक आली, "सूनबाई! ह्या मिऱ्यांना पाय फुटल्यात!"

*

पहिलं सर्किट मी मोबाईलवरचं चित्र बघून जुळवलं. भोकाभोकांची पट्टी असते, रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखी. वरून सामान खोवायचं, पालथं करून डाग द्यायचे. तीन दुपारी खपले. डाग असे सुबक, की हेमिंगचे टाकेच!

बॅटरी लावली. आवाजच नाही.

प्राचीचे डोळे भरले. मी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि मलाच हसू फुटलं. चित्र होतं वरच्या बाजूचं, आणि मी जोडण्या केल्या होत्या पालथ्या बाजूनं, तशाच्या तशा. उजवं सगळं डावीकडे!

"रडू नकोस गं," मी म्हटलं. "शिकत होते तेव्हा मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या होत्या. तो उसवून दिला, तर हेही उसवीन."

दुसऱ्या वेळी आवाज आला. असा आला, की आमच्या ह्यांनी बाहेर येऊन विचारलं, "दारात ट्रॅक्टर कोणाचा?"

*

ते सर्किट आम्ही प्लास्टिकच्या डब्यात बसवलं. बटण दाबलं, तर गुणगुण सुरू. आणि त्या गुणगुणीतून हळूच एक माणूस बोलायला लागला. टोमॅटोचे बाजारभाव!

प्राची घाबरून मागे सरली. आबा मात्र खुर्ची ओढून जवळ बसले. "कोनी हात लावू नका. कांद्याचं सांगू द्या!"

जुन्नरला फोन केला. काका हसून म्हणाले, "ताई, प्लास्टिक रेडिओला अडवत न्हाई. लोखंड, स्टील, काय असंल त्यात बसवा. गप हुतंय."

घरात मापाचा असा एकच डबा होता. आबा रिटायर झाले तेव्हा पाहुण्यांना वाटलेल्या स्टीलच्या चौकोनी डब्यांतला उरलेला. झाकण खाली ठेवून डबा उपडा केला, ह्यांनी तळाला ड्रिलनं भोकं पाडली, मी सर्किट आत बसवलं. गुणगुण बंद! ओट्यावर ठेवून हातानं बटण दाबून दाबून आम्ही दोघींनी आठवडाभर चाचणी घेतली. सगळं चोख.

*

बुद्धपौर्णिमा. शिनोलीच्या विहारापुढे मांडव, दुपारी चारची वेळ. स्टेजवर सगळे अनवाणी. आबा पेटीवर, शेजारी ढोलकीवर माझे मामेसासरे, कडेला प्राची, आणि तिच्या पायाशी आमचा डबा. मी पहिल्या रांगेत, पदर मुठीत धरून.

पहिलं कडवं संपलं. आबांनी गिटारसाठी पेटीवर दोन टिचक्या मारल्या. चला!

प्राचीनं पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

मला कळेना. बटण दिसत नाही का? मग माझी नजर डब्यावर गेली. बटणाच्या वर कोरलेलं होतं, 'श्री. किसन भालेराव, वाहक. सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट.' घरी डबा कायम ओट्यावर. पाय लावायची वेळ आजच आली होती!

ढोलकीचं एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. लोक कुजबुजायला लागले.

आबा वाकले. "काय झालं गं?"

"आबा, तुमचं नाव हाय त्याच्यावर. पाय कसा देऊ?"

आबांनी मान तिरकी करून स्वतःचं नाव वाचलं. मग पेटीचा भाता बंद केला, पेटी बाजूला सारली, मांडी घातल्या घातल्या सरकत डब्यापाशी आले आणि बटणावर अंगठा ठेवला.

"तू वाजव, पोरी. बेल माझ्याकडं."

खट्!

भीमाशंकरच्या घाटात भरलेली एस.टी. पहिल्या गिअरवर चढावी, तसा आवाज निघाला. ढोलकीच्या वर, मांडवाच्या वर. मी मागे वळून बघितलं. शेवटच्या रांगेत एक हात वर, मग चार, मग सगळी रांगच उभी!

गिटारची ठरलेली जागा संपली, पुढच्या कडव्याची वेळ झाली. आता बटण दाबून आवाज बंद करायचा होता. आबांचा अंगठा हलेना. मामा ढोलकीवरून ओरडले, "आबा, बेल मारा की! कडवं आलं!"

आबांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"गप ऱ्हा रं! अजून ष्टॉप आला न्हाई!"