बागेतलं पाण्याचं घड्याळ

रत्नागिरीतल्या म्युनिसिपालिटीच्या बागेतलं पाण्याचं घड्याळ माझ्या वडिलांनी घडवलं. ते तांबट. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी नळीतून तांब्याच्या वाटीत पडायचं. वाटी भरली की कलंडायची आणि दात्यांचं चाक एक घर पुढे सरकायचं. वाटीत शेवाळ धरलं की घड्याळ चुकायचं, म्हणून ती रोज सकाळी घासावी लागे.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे वडिलांचा उजवा हात लुळा पडला. मी तेव्हा सासर सोडून माहेरी आले होते, ती कायमचीच. हे काम मी उचललं. घड्याळ उंचावर होतं, म्हणून पदर खोचून शिडीवर चढायची.

आठवड्याभरात बागेच्या कमिटीचे अध्यक्ष समोर येऊन उभे राहिले.

"बाईमाणसानं भर बागेत शिडीवर चढणं शोभतं का?"

"मग घड्याळ खाली आणा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या पेटीला कुलूप. कमिटीनं मुंबईहून मिस्त्री आणला. त्यानं सगळी चाकं सुटी केली, पण त्याला ती परत जुळवता येईनात. चार दिवसांनी तो बोटीनं निघून गेला. घड्याळ बंद.

मग कमिटीचा शिपाई मला बोलवायला आला. वडील खाटेवरून म्हणाले, "जा गो बाय, लोकांचा खोळंबा नको."

"जाईन. पण ज्यांनी कुलूप घातलं त्यांनी यावं."

वडील रागावले. आई रडली. मी तांदूळ निवडत बसले.

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी दोन गोष्टी सांगितल्या: किल्ली माझ्याकडे राहील, आणि हजेरीपटावर वडिलांचं नाही, माझं नाव लागेल.

"बाईचं नाव आजवर लागलेलं नाही."

"आजवर घड्याळही बंद पडलं नव्हतं."

खिशातून किल्ली काढून त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. मी म्हटलं, "हातात द्या." दिली.

वडिलांना बघून शिकले होते, तरी चाकं जुळवायला मला दीड दिवस लागला. बाकांवरचे दोन म्हातारे मला बघून उठून गेले. पहिली वाटी कलंडली तेव्हा बाजारातून परतणाऱ्या दोन कोळणी पाट्या उतरवून थांबल्या होत्या. त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "चाललं गो चाललं!"

पुढे आठ वर्षं ते काम मी केलं. पावसाळ्यात पाणी गढूळ यायचं, तेव्हा दिवसातून दोनदा जावं लागे. लोक बोलायचे थांबले नाहीत. मी उत्तर देणं सोडलं.