भाऊजींचं वर्तुळ

नुसत्या हाताने इतकं गोल वर्तुळ काढणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि बुबुळाचा वाकडेपणा वाट्याला आला तोही नेमका त्याच माणसाच्या. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या एका शाळेत ते चित्रकलेचे मास्तर होते. वर्गात शिरले की टोपी सारखी करायचे आणि फळ्याकडे न बघता, मुलांवर नजर ठेवून, एका दमात खडूने वर्तुळ पुरं करायचे. "वर्तुळ तं हाताचं काम हाय," ते म्हणायचे, "डोये लागतात ते पोट्ट्यांचं वाकडं पायाले."

पण तेच डोळे दगा देऊ लागले होते. बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा हळूहळू शंकूसारखा पुढे येत होता. दर उन्हाळ्यात ते अमरावतीच्या डॉक्टरांकडे तपासणीला जात, आणि सोबत मी. काळ्यापांढऱ्या वर्तुळांची एक चकती डोळ्यासमोर धरून, मधल्या भोकातून डॉक्टर पाहत आणि त्या वर्तुळांचं बुबुळात पडलेलं प्रतिबिंब कागदावर काढून ठेवत. एकदा भाऊजींनी तो कागद नाकाशी नेऊन पाहिला आणि त्यांना राहवलं नाही. "डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण याले वर्तुळ म्हनता? हे तं आंब्याची कोय हाय." डॉक्टर हसले. "मास्तर, गोल मलाही काढता येतो. तुमच्या डोळ्यात जे दिसतं तेच काढलंय."

परतीच्या बसने मूर्तिजापूर गाठलं. तिथे भाऊजी एकदम म्हणाले, "वाकडं तं वाकडं. पन रिटायर होईपर्यंत मी या डोयाले वर्गातून हलू देत नाही."

पुढे चष्मा चालेनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी मुंबईहून डोळ्यात बसवायची काच करवून आणली. सोबत ताकीदही दिली: शाळेपुरतीच घाला; डोळ्यात व्रण पडला तर आहे ती नजरही जाईल. भाऊजींनी ही ताकीद व्रतासारखी पाळली. शाळेची घंटा झाली की काच डबीत. त्यानंतरचं जग मग जसं दिसेल तसं. खुंटीवरच्या कोटाला "या, बसा" म्हणणं हे तर रोजचंच. चांदूर बाजारच्या एका लग्नात त्यांनी व्याही समजून आचाऱ्याला कडकडून मिठी मारली, आणि आचारी इतका गहिवरला की पंगत उठेपर्यंत भाऊजींच्या पानातली जिलेबी संपू दिली नाही. संकष्टीला ताई उपाशीपोटी ताट घेऊन अंगणात उभी राहायची आणि हे वर बघून घोषणा करायचे, "उगवला! चार उगवले. दाखव कोन्त्यालेबी नैवेद्य."

ताई हसायची, पण एक गोष्ट तिला सलत होती. "पोट्ट्यांसाठी काच," ती म्हणायची, "अन् मी काय भिंत हाय?" भाऊजींचं उत्तर ठरलेलं. "तू तं मले तोंडपाठ हायेस वं. पोट्टे दरसाल नवे येतात."

वर्षांमागून वर्षं अशीच गेली. डॉक्टरांच्या कागदावरची कोय थोडी लांबली, पण वर्ग सुटला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेने हार घातला, मुलांनी फळ्यावरचं त्यांचं वर्तुळ पुसू दिलं नाही. त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले ते काच न काढताच. व्रत मोडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. ताई तांदूळ निवडत बसली होती. हे हारासकट तिच्यासमोर बसले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"तुये केस कवा पिकले वं?"

"शाळा सुटाची वाट पायता पायता," ताई म्हणाली, आणि तांदळातला खडा शोधण्यासाठी तिने मान खूपच खाली घातली.

डोळे शेवटपर्यंत टिकले. भाऊजीच आधी गेले. परवा संकष्टीला मी अकोल्यात होतो. ताई आणि मी अंगणात उभे होतो. चंद्र वर आला, चांगला ठसठशीत. ताईने ताट हातात धरून किती तरी वेळ आभाळ धुंडाळलं.

"एकच हाय रे," ती म्हणाली.